लेकीच्या गाडीतला धूर

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. दारातल्या बायाबापड्यांना आत येऊ द्या. देवापुढे जागा कमी पडत नाही, आपणच मांड्या पसरून बसतो. बसलात? मग ऐका. आज मोठा ग्रंथ उघडत नाही. एक लहानसा प्रश्न आणलाय, तेवढा तुमच्या ओंजळीत ठेवते.

व्रत एकट्याचं असतं का?

घाईने उत्तर देऊ नका. तुम्ही म्हणाल, ताई, उपास मी धरला, पोट माझं, भूक माझी, यात दुसऱ्याचा काय संबंध? बरोबर आहे. पण समजा, चतुर्थीला तुम्ही नुसत्या पाण्यावर आहात — आणि घरात कांदाभज्यांचा घाणा निघालाय. वर नवरा हाक मारून विचारतोय, "मीठ बरोबर पडलंय का, जरा चाखून सांगतेस?" हसताय, म्हणजे घरोघरी हेच आहे. आता सांगा, तो उपास भजी तळणाऱ्याने दुप्पट जड केला की नाही? आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

हा प्रश्न मनात धरा. उत्तर मी देणार नाही. ते देईल देवरुखाकडच्या एका खेड्यातली एक जुनी चारचाकी.

आमचे पेटीवाले बुवा माझ्याकडे बघायला लागले. आख्यानात चारचाकी कुठून आली म्हणून. का हो बुवा, देवांचे रथ तेवढे चालतात आणि माणसांची गाडी चालत नाही? राहू दे सूर तसाच. नाम घ्या, म्हणजे गाडी सुरू करते.

तर त्या गावात वामन रसाळ म्हणून गृहस्थ होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. कुणाची लग्नाची वरात, कुणाला दवाखान्यात, कुणाला मुंबईच्या विमानतळावर. माणूस शांत. गावच्या भजनात मृदंग वाजवायचा, गळ्यात तुळशीची माळ. घरात पत्नी रजनी, आणि एकुलती लेक प्रणाली, रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नर्स. दिसायला सगळं नीटनेटकं. पण मंडळी, माळेच्या आत, सदऱ्याच्या खिशात वामनरावांची एक चोरटी सोबतीण होती. सिगारेट. प्रवासी देवळात गेले, की पार्किंगमध्ये गाडीत बसून एक. चहा झाला, की एक. घाट उतरला, की एक. घरी शिरताना तोंडात वेलदोडा. लोक म्हणायचे, वामनरावांच्या तोंडाला काय सुवास येतो, नामाचाच परिणाम. वामनराव मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, किती विनय आहे.

एकदा ते लेकीचा डबा द्यायला तिच्या दवाखान्यात गेले. छातीच्या रोग्यांचा वॉर्ड होता. एक माणूस उशीला टेकून बसला होता आणि श्वास असा ओढत होता, जसा आपण विहिरीतून भरलेला हंडा ओढतो. लेक त्याची पाठ चोळत होती. बाबांना बघून हळूच म्हणाली, "रोज म्हणायचे, आता ही एकच शेवटची. आम्ही किती शेवटच्या ऐकल्या."

वामनराव डबा ठेवून निघाले. 

त्याच वर्षी गावातून काशीला बस निघाली. काशीला गेलं, की आपल्याकडे रीत आहे — आवडती वस्तू तिथे सोडून यायची. एक फळ, एक भाजी, काहीतरी. आणि आपण काय करतो? खरं सांगा. कारलं सोडतो. शेपू सोडतो. मला तर वाटतं, देव घाटावर येऊन विचारत असेल, "अरे, या महाराष्ट्रातून आलेल्यांनी सगळं कारलं माझ्याच माथी मारलंय, एखाद्याने आंबा का नाही सोडला?"

वामनराव पहाटे घाटाच्या पायरीवर उभे राहिले. ओंजळीत पाणी घेतलं. ओठ हलले. काय सोडलं ते फक्त गंगेने ऐकलं. खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांनी एका नावाड्याच्या हातात दिलं. त्या नावाड्याचं पुढे काय, असं विचारू नका, मलाही ते खटकतं. पण माणूस पहिल्यांदा चांगलं करायला निघतो ना, तेव्हा थोडं वेडंवाकडं होतंच.

बसमध्ये रजनीवहिनींनी विचारलं, "अहो, तुम्ही काय सोडलंत?"

वामनराव गडबडले. समोर एका बाईच्या पिशवीतून दुधी भोपळा डोकावत होता. म्हणाले, "दुधी."

झालं. त्या दिवसापासून रसाळांच्या घरात दुधी आला नाही. आणि गंमत अशी, की वामनरावांना दुधी फार आवडायचा. मुगाची डाळ घातलेली दुधीची भाजी म्हणजे जीव की प्राण. एक वस्तू देवापुढे सोडली आणि दुसरी बायकोपुढे सोडावी लागली. खोटं बोलण्याचा दंड असा ताटातच वाढला जातो.

पण मुख्य व्रत त्यांनी पाळलं. जीव तुटायचा. चहा झाला, की बोटं आपोआप खिशाकडे जायची, रिकामी परत यायची. मग मृदंगाला शाई लावत बसायचे. कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? सोडली म्हणून सांगायचं, तर ओढत होतो हेही सांगावं लागणार.

आणि नेमकी तेव्हाच लेकीने गाडी घेतली.

आता या लेकीच्या मनातलं एक शल्य सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रणालीला लहानपणापासून गाडी शिकायची होती. बाप एवढा निष्णात. पण तिने विचारलं, की वामनराव म्हणायचे, "तुला काय करायचंय स्टिअरिंग? घाटात गाडी घालणं म्हणजे थर्मामीटर लावणं नव्हे." ती गप्प बसली, रत्नागिरीत स्वतःची स्वतः शिकली, पगारातून मागे टाकत टाकत एक जुनी गाडी घेतली. मनात एकच — बाबांनी जन्मभर लोकांना नेलं, आता त्यांना शेजारी बसवून मी नेईन.

गाडी आधी होती एका औषधकंपनीच्या फिरत्या माणसाची. दाखवायच्या दिवशी त्याने चारी काचा खाली ठेवल्या होत्या, आरशाला मोगऱ्याच्या वासाची डबी टांगली होती, आणि वर समुद्राचा वारा. पोरीला काही कळलं नाही. गाडी घरी आली, रात्रभर बंद राहिली, सकाळी अंगणात उन्हात तापली.

रजनीवहिनींनी ओवाळायला ताट केलं. चाकांखाली लिंबं ठेवली. त्यांच्याकडे रिवाज असा, की घरातल्या वडीलधाऱ्याने पुढे बसायचं, गाडी आधी ग्रामदेवतेला न्यायची, नारळ वाढवायचा, त्यानंतर गाडी घरची झाली. शेजारच्या कुंदाकाकू मधल्या कुंपणाच्या वईवरून बघायला उभ्या. वामनराव धुतलेली टोपी घालून आले. लेकीने ऐटीत दार उघडलं, "बसा बाबा."

तापलेल्या गाडीतून वास आला. शिळ्या धुराचा, राखेचा, जुना ओळखीचा वास. वामनरावांचा हात दारावरच राहिला. तोंडाला पाणी सुटलं हो. इतक्या महिन्यांनी. बोटं खिशाकडे गेली. ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "आज कंबर धरलीये. उद्या बघू."

उद्या आला, तर डोकं चढलं होतं. परवा, अमावास्या जवळ आली होती. त्यापुढच्या सुट्टीला, गुडघा. माणसाच्या शरीरात बहाण्यासाठी किती अवयव दिलेत बघा. आणि देवळात मात्र रोज चालत जात होते. कुंदाकाकूंच्या नजरेतून काय सुटणार? वईवरून म्हणाल्या, "काय गो प्रणाली, बाबा चढ चढून देवीला जातात, आणि गाडीत बसताना गुडघा दुखतो?"

ती हसली. पण लागलं ते लागलंच. तिच्या मनाने हिशेब जुळवला — मी चालवते, म्हणून बसत नाहीत.

कुणाचीच चूक नाही बघा. बाप लेकीच्या एका वाक्यामुळे व्रत पाळतोय, आणि लेक म्हणतेय बाप माझा मान ठेवत नाही. एकाच घरात, एकाच ताटलीतला लाडू खात, दोघं एकमेकांपासून किती लांब जाऊन बसले.

रजनीवहिनींनी गाडीत डोकं घातलं, एकदा श्वास घेतला, आणि घरात गेल्या. बाहेर आल्या त्या धुपाटणं घेऊन. निखारे, ऊद, राळ, वर कापूर. बाळंतिणीची खोली धुरवतात ना, तशी गाडी धुरवायची. धुपाटणं परातीत ठेवून परात पुढच्या सीटच्या पायाशी सारली, काचा वर केल्या. थोड्या वेळाने गाडीत काहीच दिसेना, नुसता पांढरा ढग. कुंदाकाकू बादली घेऊन धावत आल्या, "रसाळांची गाडी पेटली." त्यांना आवरता आवरता पुरेवाट.

दार उघडलं. आणि मंडळी, वास गेला का? सिगारेट गेली नाही. तिच्या जोडीला देऊळ आलं. गाडीला आता असा वास येत होता, की जणू कुणीतरी गाभाऱ्यामागे लपून ओढतंय. एक धूर काढायला दुसरा धूर घातला, दोघांची मैत्री झाली, आणि दोघं कापडात जाऊन बसले.

आपण हसतो, पण आपणही हेच करतो. मनात कुणाविषयी जळतं, आणि वरून आपण उदबत्ती लावतो.

पुढे प्रणालीने जंग जंग पछाडलं. सीटवर खायचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून झाडून काढला. वाटीत कॉफीची पूड. पिशवीत कोळसे. कडुलिंबाचा पाला. मागून आणलेल्या अत्तराने तर मागच्या सीटवर बसलेल्या आईला ओकारी आली. प्रत्येक उपायाने वास जरासा कमी व्हायचा, आणि दुपारचं ऊन चढलं, की पुन्हा वर यायचा. ओवाळलेला नारळ देवघरात तसाच पडून.

एका रविवारी ती अंगणात उकिडवी बसून गाडीच्या पायातल्या चटया घासत होती. वामनराव पडवीत मृदंग घेऊन बसलेले. आई पाणी घेऊन आली, तशी पोरीचा बांध फुटला. मोठ्याने नाही, हळू आवाजात, पण पडवीत ऐकू जाईल इतपत म्हणाली, "आई, राहू दे. विकून टाकते गाडी. वास काढूनही उपयोग नाही, कंबर नि गुडघा नुसते बहाणे आहेत. लेक चालवणार आणि आपण बाजूला बसणार, याची बाबांना लाज वाटते."

मृदंगावरचा हात थांबला.

आता वामनरावांच्या पुढे दोन वाटा. गप्प बसावं, तर गुपित राहतं, माळेची अब्रू राहते, पण लेक जाते मनातून. बोलावं, तर लेक राहते, पण तिच्या डोळ्यांतला बाबा राहील का? काय करावं त्यांनी? तुम्ही काय केलं असतंत? मनात उत्तर द्या, मला सांगू नका.

वामनराव उठले. अंगणात आले. गाडीपासून दूर, फणसाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "खाली काय घासतेस बाय? धूर खाली बसत नाही. वर बघ."

"वर कुठे?"

"छताच्या कापडाला ओला बोळा लाव. भिजवू नकोस, कापड सुटून डोक्यावर येईल. फडकं साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळ आणि नुसतं टिपत जा."

तिने टिपलं. पांढरं फडकं पिवळं झालं, हळदीत बुडवल्यासारखं.

"आता ड्रायव्हरचा पट्टा ओढ. पूर्ण ओढ, अगदी संपेपर्यंत. वर कपड्याचा चिमटा लाव, म्हणजे परत आत जाणार नाही. तो भाग बादलीत बुडवून धू."

पट्टा वरवर काळा होता. आतून निघाला तो चिकट, तपकिरी.

"डाव्या बाजूला पुढचा खण आहे ना, तो काढ. मागे हवेची जाळी असते. ती धुऊन उपयोग नाही, नवी घाल. पावसात काचा लावून, एसी लावून ओढलेली आहे, त्याशिवाय वास इतका आत जात नाही. आणि ड्रायव्हरच्या मागची सीट उचल. हात खिडकीबाहेर धरून ओढली, की राख वाऱ्याने मागच्या खिडकीतून आत येते, तिथल्या फटीत बसते."

तिने सीट उचलली. फटीत राखेची रांगोळी होती.

प्रणाली सीट हातात धरून तशीच उभी राहिली. मग वळून बापाकडे बघितलं. नर्स ती, माणसांची तोंडं वाचायची सवय. हळूच म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

वामनराव फणसाच्या बुंध्याकडे बघत म्हणाले, "प्रवासी परत यायच्या आत गाडी अशीच पुसायचो मी. जन्मभर." गळ्यातल्या माळेला हात लावला. "काशीला मी दुधी नाही सोडला."

 कुंदाकाकूसुद्धा वईवरून नजर काढून घरात गेल्या, यावरून काय ते ओळखा.

"तुझ्या वॉर्डात तो माणूस बघितला आणि सोडली. पण गाडीचं दार उघडलं, की जीव ओढतो. बसलो तुझ्याशेजारी आणि रत्नागिरीला उतरून टपरीवर गेलो तर? म्हणून बसत नव्हतो. तुझ्या चालवण्याची लाज नाही गो. मला माझाच भरवसा नाही."

प्रणालीने विचारलं, "आई, तुला हे माहीत होतं?"

रजनीवहिनी पदराने हात पुसत होत्या. म्हणाल्या, "यांचे शर्ट कोण धुतंय? लग्न झाल्यापासून वास येत होता. काशीहून आलो आणि शर्टांना नुसत्या घामाचा वास यायला लागला. मी तो शर्ट धुतला नाही दोन दिवस. परत परत वास घेऊन बघितला, खरंच गेलाय ना म्हणून."

"मग बोलली का नाहीस?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्ही बोलला नाहीत. म्हटलं, माणूस स्वतःहून काहीतरी उचलतोय, आपण हात लावला आणि पडलं तर? गाडीत वास आला, तेव्हा म्हणूनच ऊद घातला. तुमचं व्रत मोडू नये म्हणून."

"आणि दुधी का बंद केलास मग? तुला ठाऊक होतं ना?"

"नवऱ्याने देवापुढे सोडला म्हणून सांगितलं, तर बायकोने करायचा? तुमच्या खोट्याचाही मान ठेवला मी."

बघा. तिघं एका छपराखाली. एकजण व्रत पाळतोय आणि लपवतोय. दुसरी ते जाणून आहे आणि लपवतेय. तिसरी, जिच्यासाठी हे व्रत धरलं, तिच्याच गाडीमुळे ते मोडायला आलंय, आणि तिलाच काही माहीत नाही. प्रेम उदंड होतं हो. फक्त दारं बंद होती, त्या गाडीसारखी.

प्रणाली बापाजवळ गेली. रडली नाही. तिने नर्स विचारते तसं विचारलं, "अजून ओढावीशी वाटते?"

"रोज. चहा झाला, की."

"मग यापुढे वाटली, की मला सांगायचं. मी रागावणार नाही, उपदेश करणार नाही. फोनवर असले तरी सांगायचं."

"सांगून काय होणार?"

"तुम्हाला एकट्याला वाटणार नाही. एवढंच."

त्या दिवशी तिघांनी गाडी पुसली. वामनराव लांब उभे राहून सांगत होते, मायलेकी करत होत्या. नवी जाळी बसली. पट्टे वाळले. मग सुट्टी असेल त्या दिवशी चारी दारं उघडून गाडी सकाळच्या उन्हात उभी. वास हळूहळू निघाला. आणि एका मंगळवारी वामनराव दाराशी आले, आत वाकले, श्वास घेतला, आणि लेकीच्या शेजारी बसले. नारळ देवीपुढे वाढवला गेला. परतताना उतार लागला, तसे म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस. गिअर खाली घे, गाडीला स्वतःच्या जोरावर धरू दे." प्रणालीने गिअर खाली घेतला आणि पुढचा रस्ता तिला थोडा वेळ धूसर दिसला.

आख्यान इथे संपलं असं मी म्हणाले असते, तर तुम्हाला गोड वाटलं असतं. पण खोटं ठरलं असतं. वास पूर्ण गेला नव्हता. दमट हवेत, काचा बंद असल्या, की कापडाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून तो अजून डोकं वर काढायचा.

श्रावणात एकदा बापलेक आंबा घाट चढत होते. धुकं, काचा बंद. वामनराव बोलता बोलता थांबले. हात मांडीवर घट्ट मिटले. मग म्हणाले, "प्रणाली, बाजूला घे. आलाय."

तिने काय आलाय म्हणून विचारलं नाही. जागा बघून गाडी कडेला घेतली, उतरली, एकेक करून चारी दारं उघडली. दोघं कठड्याशी उभे राहिले. खाली दरीत ढग हलत होते.  धुक्याने दोघांचे केस ओले झाले. बऱ्याच वेळाने वामनरावांच्या मुठी सुटल्या.

"चल," ते म्हणाले.

ती म्हणाली, "घाई नाही बाबा."

ते म्हणाले, "गेला. चल."

मंडळी, उत्तर मिळालं? व्रत धरताना माणूस एकटा असतो. ते टिकतं, तेव्हा त्याच्यासाठी गाडी थांबवणारं कुणीतरी असतं.

आता मी तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात कोण काय सोडायला धडपडतंय, माहीत आहे तुम्हाला? कुणी तंबाखू सोडतोय, कुणी दारू. कुणी सून सासूला उलट बोलणं सोडतेय, दात ओठ खाऊन. कुणी सासू सुनेचे दोष मोजणं सोडतेय, आणि ते तर फारच अवघड. त्यांना "सोडलंस का एकदाचं" असं विचारू नका. तो प्रश्न नव्हे, ती परीक्षा आहे. विचारा, "आज कसं गेलं?" जड गेलं म्हणाले, तर जवळ बसा. उपदेश नको, धूपही नको. नुसतं बसा.

आणि तुम्ही स्वतः मनात काही सोडलं असेल, गंगेकाठी, देवघरात, नाहीतर भांडी घासताना, तर ते एका माणसाला कळू द्या. देवाला कळलंय, ते आहेच. पण टपरीवरून परत वळवायला देव आपला हात धरत नाही, त्यासाठी तो शेजारी माणूस बसवतो.

उठा आता, आरतीची वेळ झाली. टाळ वाजतील, घंटा वाजेल, सगळे मोठ्याने म्हणतील. त्या आवाजात शेजारच्याच्या कानात काही सांगितलं, तर तिसऱ्याला ऐकू जाणार नाही. ज्याला सांगायचंय, त्याने तेवढ्यात सांगून घ्या.